आत्याची लाखेची ताटली

गुलबर्ग्याच्या रेडिओ स्टेशनात मला नोकरी लागली, तेव्हा मंठाळात आमच्या वडिलांनी पेढे वाटले. पेढ्याबरोबर बातमीही वाटली गेली की मास्तरांची पोरगी आता रेडिओत बोलणार. मी बोलणार वगैरे काही नव्हते. रेकॉर्डच्या लायब्ररीत मदतनीस म्हणून माझी नेमणूक झाली होती. रेकॉर्ड जागेवर ठेवायच्या, मागितल्या की काढून द्यायच्या, धूळ पुसायची. पण गावात कुणाला ते पटेना. दर सुट्टीला घरी गेले की कुणी ना कुणी विचारायचंच, "आम्ही रोज रेडिओ लावायलोय, तुझा आवाज कामून येईना?"

लायब्ररीच्या मुख्य बाईंना सगळे अक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागले. कानडी घरातल्या, उंच, डोळ्यांवर जाड काचा. त्या माझ्याशी कानडीत बोलायच्या आणि मी मराठीत उत्तर द्यायची. दोघींनाही दोन्ही भाषा येत होत्या, पण कुणी आपली सोडली नाही, आणि कधी अडलंही नाही. इथे त्यांचं बोलणं मी मराठीतच सांगते.

अक्कांचा एकच हट्ट होता. वस्तूला तिच्याच नावानं हाक मारायची. पहिल्या दिवशी त्या मला स्टुडिओला लागून असलेल्या काचेच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे दोन मोठी यंत्रं होती. कमरेइतकी उंच राखाडी लोखंडी कपाटं आणि त्यावर आमच्या घरच्या पिठाच्या परातीएवढी जाड, जड, गोल थाळी. थाळीवर हिरवं नमदं, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड. शेजारी लांब हात, त्याच्या टोकाला सुई.

"हे काय आहे?" अक्कांनी विचारलं.

"ग्रामोफोन," मी म्हणाले.

अक्कांनी चष्मा काढून पुसला. पुढे मला कळलं, की त्यांना राग आला की त्या चष्मा पुसतात.

"ग्रामोफोनला किल्ली द्यावी लागते," त्या म्हणाल्या. "त्याची सुई थरथरते, ती थरथर पडद्याला लागते, आणि भोंग्यातून आवाज बाहेर पडतो. सगळा आवाज तो स्वतःच करतो. या यंत्राला स्वतःचा आवाजच नाही. हे फक्त फिरतं. सुईच्या थरथरीची वीज होते, ती वीज तारेतून जाते, आवाज लांब कुठेतरी निघतो. याला टर्नटेबल म्हणायचं. आणि फोनोग्राफ म्हणशील तर तो आणखी वेगळा. त्याला तबकडी नसते, नळकांडं असतं."

यंत्राच्या अंगावर एक पितळी पट्टी होती आणि तिच्यावर इंग्रजीत 'ट्रान्सक्रिप्शन टर्नटेबल' असं कोरलेलं होतं. माझ्या बी.ए.च्या इंग्रजीप्रमाणे ट्रान्सक्रिप्शन म्हणजे ऐकलेलं लिहून काढणं. मी विचारलं, "अक्का, मग लिहायचं कुठं?" त्या दिवशी अक्का पहिल्यांदा हसल्या. रेडिओसाठी भरून ठेवलेल्या कार्यक्रमाला पूर्वी ट्रान्सक्रिप्शन म्हणत, आणि त्या कार्यक्रमांच्या तबकड्या साध्या रेकॉर्डपेक्षा बऱ्याच मोठ्या, सोळा इंची असत. त्या मावाव्यात म्हणून ही थाळी एवढी मोठी. तसल्या तबकड्या आता येत नव्हत्या, टेपचे दिवस आले होते. पण थाळ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्यावर आम्ही साध्या रेकॉर्ड वाजवत होतो.

मला ती यंत्रं फार आवडली. निवेदिका काचेपलीकडे बोलत असायची. इकडे थाळी आधीच फिरायला लागलेली असायची, पण वरचं नमदं आणि त्यावरची रेकॉर्ड बोटानं धरून ठेवायची. थाळी खालून सरसर फिरत राहते आणि रेकॉर्ड जागच्या जागी उभी. बोटाला खालून गुदगुल्या झाल्यासारखं वाटतं. निवेदिकेचा शेवटचा शब्द आला की बोट उचलायचं. गाणं त्या क्षणाला सुरू. हे काम माझं नव्हतं, पण तिथला इंजिनियर चांगला माणूस होता. गुलबर्ग्याच्याच जुन्या मोहल्ल्यातला, घरात दखनी बोलणारा, सदा पानाचा तोबरा. कार्यक्रम नसताना तो मला सराव करू द्यायचा. "आहिस्ता आहिस्ता, रोटी नक्को पलटाओ," म्हणायचा.

सुट्टीत घरी गेले की हे सगळं मी आई आणि आत्याला सांगायची, आणि ते ऐकून आत्याला दर वेळी आपली ताटली आठवायची.

ही ताटली म्हणजे आमच्या घरातली जुनी गोष्ट. मी पाळण्यात असताना, म्हणजे आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात जाण्याच्या थोडंसं आधी, रेडिओवाल्यांची एक मोटार आमच्या गावात आली होती. जात्यावरची गाणी म्हणणाऱ्या बायका त्यांना पाहिजे होत्या. आई तेव्हा नवी सून होती, आत्याचं लग्न व्हायचं होतं. आमच्या वस्तीतल्या चौघी बायका शाळेपुढच्या लिंबाखाली जातं मांडून गायल्या. एक बारी, म्हणजे एकदा भरलेलं गाणं, मध्येच शेळी ओरडून बिघडली, असं आई सांगायची. बिघडलेली तबकडी त्या साहेबानं फेकून देण्याऐवजी बायकांना दिली. "लाखेची हाय, जपा," असं तो म्हणाला होता म्हणे. बाकीच्या बायकांच्या घरी जागा नव्हती, म्हणून ती आत्याकडे आली, आणि आत्या लग्न होऊन त्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे गेली तेव्हा ताटलीही तिच्याबरोबर गेली.

एवढ्या वर्षांत ती ताटली कुणीही ऐकली नव्हती. ती मावेल असा बाजाच आसपास नव्हता. पण तिच्यावरून भांडण मात्र नियमित चालायचं. आत्याचं म्हणणं, पुढचा आवाज तिचा, आई मागं झील धरत होती. आईचं म्हणणं नेमकं उलटं.

"तुला तवा ओवी कुठं येत होती गं?" आई म्हणायची. "माझ्या तोंडाकडं बघू बघू म्हणायलीस तू."

"व्हय, आन् साहेब कुणाला म्हणला, बाई जरा जवळ सरका? तुला का मला?"

"तुझा आवाज पोचंना म्हणून म्हणला!"

मी दोन-तीनदा आत्याला म्हणाले, "दे की ताटली, आमच्या स्टेशनात वाजवून बघू." आत्या मान हलवायची. "आत्ता न्हाई. माझ्या लेकाच्या लग्नात वाजवणार हाय मी. समद्या गावाला ऐकू जाऊ दे, कोण पुढं हाय ते."

ते लग्न ठरलं एका उन्हाळ्यात. मी आदल्या दिवशी सकाळी पोचले. बुद्धविहारासमोर मांडव पडला होता, पाहुण्यांचा जयभीम चालला होता, आणि मांडवाच्या कोपऱ्यात बसवकल्याणहून आलेला लाऊडस्पीकरवाला आपलं सामान मांडत होता. त्याच्याकडे विजेवर चालणारा जुना रेकॉर्ड प्लेअर होता. त्यानं त्याची पेटी आणि झाकण दोन्ही काढून ठेवलं होतं, आणि उघड्या यंत्रावर आत्याची ताटली बसवत होता. मी ती इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. काळीभोर, चकचकीत, भाकरीच्या तव्यापेक्षा मोठी. प्लेअरच्या दोन्ही अंगांनी ती चार बोटं बाहेर आली होती. आत्या नवी साडी नेसून शेजारी उभी. तिच्या चेहऱ्यावर लेकाच्या लग्नापेक्षा जास्त आनंद होता.

"बघ बाई, बसली बरोबर," ती मला म्हणाली.

लाऊडस्पीकरवाल्यानं डबीतून एक नवी सुई काढली. पोलादी, जाड, जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डला लावतात ती. ती त्यानं प्लेअरच्या हातात घट्ट पिळून बसवली. मी ताटलीकडे पाहिलं. तिच्या कडेला एका ठिकाणी काळा थर नखाएवढा उडाला होता आणि आतून पांढरं चमकत होतं. ॲल्युमिनियम.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की मांडवात पानं बांधणारा खाली बघायला लागला.

"का हो ताई?" लाऊडस्पीकरवाला म्हणाला. "लाखेचीच हाय की. लाखेच्या रेकॉर्डी रोज वाजवायलोय मी. ह्याच सुईनं."

त्याचं काही चुकलं नव्हतं. जुन्या गाण्यांच्या रेकॉर्ड खरोखरच लाखेच्या असतात. लाखेत दगडाची भुकटी मिसळून कारखान्यात त्या छापतात, म्हणून त्या कडक असतात आणि पोलादी सुई सोसतात. पण लाखेची रेकॉर्ड पडली की फुटते, तिच्या पोटात ॲल्युमिनियमचा पत्रा नसतो. अक्कांनी मला एकदा अशाच एका जुन्या तबकडीचा तुकडा दाखवला होता. पत्र्यावर मऊ रोगणाचा लेप. इंग्रजीत त्या रोगणाला लॅकर म्हणतात. मोटारीतला साहेब लॅकर म्हणाला असणार, आणि हैदराबादच्या लाखेच्या बांगड्या हातात घातलेल्या आमच्या बायकांनी ऐकलं, लाखेची. एवढ्या जड पोलादी सुईनं तो मऊ लेप पहिल्याच फेऱ्यात नांगरून काढला असता.

हे सगळं मी मांडवात उभी राहून सांगत होते, आणि आत्याचा चेहरा उतरत चालला होता.

"म्हंजी वाजणार न्हाई?"

"वाजंल आत्या. पण हितं न्हाई. गुलबर्ग्याला वाजंल."

"आन् लग्नात?"

आईच पुढे आली. मला वाटलं, ती आता काहीतरी टोचून बोलणार. पण ती म्हणाली, "अगं, लग्न उद्याच्याला होऊन जाईल. ही मोडली तर दुसरी कुठून आणायची? पोरगी त्यातलीच हाय, तिचं ऐक." आणि तिनं स्वतः ती ताटली दोन्ही हातांनी उचलून जुन्या लुगड्यात गुंडाळली. लाऊडस्पीकरवाल्यानं मोठ्या मनानं सुई परत डबीत टाकली आणि दुसरी रेकॉर्ड लावली. मांडवात गाणं सुरू झालं.

संध्याकाळी चुलीपाशी बसून मी दोघींना विचारलं की रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांनी नेमकं काय पाहिलं. आत्याला सगळं आठवत होतं. ताटली फिरत होती आणि तिच्यावरून काळ्या केसांसारखा बारीक दोरा निघत होता. एक माणूस हातात ब्रश घेऊन तो दोरा सारखा बाजूला लोटत होता. पलीकडे उभ्या एकानं बिडी पेटवली, तर तो माणूस एवढा घाबरला की ओरडत धावला.

"बिडी इझवा, बिडी इझवा, म्हणून वरडायला," आत्या म्हणाली. "आम्हाला वाटलं, बिडीचा आवाज बी भरतोय का काय ताटलीत."

तो दोरा म्हणजे सुईनं कापलेलं रोगणच. कापसापासून बनवलेल्या बंदुकीच्या दारूसारखं भप्पकन पेट घेतं ते. माझी आता खात्रीच पटली.

"मंजी ही छापलेली न्हाई," आई म्हणाली. "कापलेली हाय."

"व्हय," मी म्हणाले. "बाजारातली छापील, ही कापीव."

अक्का असत्या तर चष्मा न पुसता त्यांनी हा शब्द ठेवून घेतला असता, असं मला वाटलं.

लग्न थाटात झालं. चार दिवसांनी मी परत निघाले, तेव्हा लुगड्यात गुंडाळलेली ताटली, आई आणि आत्या अशा आम्ही बसवकल्याणच्या मोटारीत बसलो. ताटली आडवी ठेवायची नाही, वाकू द्यायची नाही आणि ऊन लागू द्यायचं नाही, हे मी दोघींना बजावलं होतं. म्हणून आत्यानं ती मांडीवर उभी धरली आणि पोटाशी कवटाळून बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, "एवढा मोठा तवा? मांडे करायचे का?"

"न्हाई," आत्या म्हणाली. "ह्याच्यात मी हाव."

ती बाई जरा पलीकडे सरकून बसली.

हुमनाबादला गाडी बदलली. गुलबर्ग्याची गाडी खच्चून भरली होती. कंडक्टर समजूतदार होता. आत्याला त्यानं पुढची जागा करून दिली आणि सामान कुठं ठेवू म्हणून ताटली तिच्या हातातून घेतली. मी मागून चढत होते. वर येऊन बघते तर त्यानं ती ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या टोपणावर ठेवलेली. उन्हाळ्यातलं इंजिन. त्यावर ड्रायव्हरनं आपल्या जेवणाचा डबा गरम राहावा म्हणून ठेवला होता.

"अण्णा, उचला, उचला ते!" मी माणसांतून वाट काढत ओरडले.

ड्रायव्हरला वाटलं बॉम्बच आहे. त्यानं डबाही उचलला आणि ताटलीही. मग मी त्याला कानडीत समजावलं की यात माझ्या आईचं आणि आत्याचं गाणं आहे आणि उष्णतेनं ते जाईल. त्यानं दोघींकडे बघितलं. "कोण गातं? या?" मग तो म्हणाला, "मग आत्ताच म्हणा की." आई लाजली. आत्यानं मात्र खाकरून सुरुवात केलीच. आईला मग राहवलं नाही. तिनंही आवाज लावला. गुलबर्ग्यापर्यंत निम्मी गाडी ऐकत होती, आणि ताटली एका कॉलेजकुमारानं दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून आणली.

अक्कांना मी आधी सांगितलं नव्हतं. आम्ही तिघी लायब्ररीत उभ्या राहिलो आणि लुगडं सोडलं, तेव्हा त्यांनी ताटली उजेडाकडे धरली, कडेच्या उडालेल्या थरातून पत्रा बघितला, आणि चष्मा न काढता म्हणाल्या, "बाई, बसा. चहा मागवते." अक्का चहा मागवतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुपारी कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत इंजिनियरनं आम्हाला काचेच्या खोलीत घेतलं. मोठ्या थाळीवर ती मोठी ताटली ठेवली, तेव्हा पहिल्यांदा मला खरं पटलं की ती थाळी एवढी का आहे. दोन्ही एकमेकांसाठीच केल्यासारखी बसली. इंजिनियर खूश झाला. "अरे वा, ये तो ॲसिटेट है," तो म्हणाला.

"लॅकर," अक्का म्हणाल्या.

"सब लोगां ॲसिटेट बोलते जी."

"सगळे बोलत असतील. त्यात ॲसिटेट नावाला नाही."

इंजिनियर हसला आणि कान पकडले. त्यानं सगळ्यात हलकी सुई लावली आणि तबकडीच्या कडेला अलगद ठेवली. खर्र असा बारीक आवाज झाला, सुई सरकली आणि बाहेर घसरली. पुन्हा ठेवली. पुन्हा घसरली.

"खाली है शायद," तो हळूच म्हणाला. आत्या माझ्याकडे बघायला लागली.

"साहेब, मधून लावा," ती म्हणाली.

"काय मधून!" आई म्हणाली. "कडंनंच लावतेत समदीकडं."

"त्या माणसानं मधून चालू केल्तं. मी जवळ होते. तू लांब बसलेलीस."

अक्कांनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली. काही कापीव तबकड्या आतून बाहेर भरत असत, त्या म्हणाल्या. कापलेला दोरा मधल्या बाजूला गोळा होतो. आतून सुरुवात केली की तो कापणाऱ्या सुईच्या वाटेत येत नाही. इंजिनियरनं सुई उचलली आणि कागदी लेबलाजवळ ठेवली.

आवाज आला. पण काय आवाज! चिवचिव, किचकिच, पिंजऱ्यात कोंडलेल्या चिमण्यांसारखा. आत्या उठून उभी राहिली.

"ह्या कोण बाया? आमी न्हाई ह्या!"

"स्पीड, स्पीड," अक्का म्हणाल्या. इंजिनियरनं जीभ चावली आणि दांडा फिरवला. थाळी मंदावली. चिमण्या खाली खाली येत गेल्या, आणि माणसं झाल्या.

आधी नुसती खरखर. मग जात्याची घरघर. नंतर एक आवाज उठला, कोवळा, किंचित धीट. भावाची वाट पाहणारी ओवी. मला तो आवाज ओळखू आला नाही. आईनं पदर तोंडाला लावला, त्यावरून समजलं. पंचविशीच्या आतली माझी आई गात होती. मागून तिघींनी झील धरली. त्यांतली एक माझी चुलती. ती मी शाळेत असतानाच वारली होती, आणि तिचा आवाज कसा होता हे मी विसरून गेले होते. झील ओढताना मध्येच ती फसकन हसली. तेही त्यात होतं.

"बघ," आई आत्याला म्हणाली. "कोण पुढं हाय?"

तेवढ्यात दुसरी ओवी सुरू झाली. आवाज बदलला. हा जास्त उंच, जास्त टोकदार, काळजात जाणारा. आत्याचा.

"बघ," आत्या म्हणाली.

पहिली ओवी आईची, दुसरी आत्याची. दोघी आळीपाळीनं पुढे होत्या. दोघींनी एवढी वर्षं आपापली ओवी तेवढी ध्यानात ठेवली होती. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग दोघींनाही हसू फुटलं. काचेच्या खोलीत आम्ही पाच जण, दाराबाहेरचा प्रक्षेपणाचा लाल दिवा लागलेला नव्हता म्हणून बरं.

तिसऱ्या ओवीच्या मध्यावर मागं कुठंतरी काहीतरी ओरडलं. मग पुन्हा. चारी आवाज अडखळले, आणि एक पुरुषी आवाज आला, "क्या है वो?" लगेच आईचा आवाज, घाईघाईनं, "शेळी हाय साहेब, शेळी!" तिथं सुई बाहेर निघाली.

इंजिनियर पोट धरून हसत होता. "बकरी नई जी, ये तो बच्चा है!"

आत्या आईकडे वळली. "वैनी! आजपातूर समद्यांला सांगायलीस, शेळीनं बारी घालवली म्हणून!"

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ही होती. शाळेच्या वसरीतच पाळण्यात निजवून आल्ते, उठली. लेकरू हाय म्हणलं असतं तर साहेबानं मला उठवून घरी धाडलं असतं. मग दुसऱ्या बारीत माझी ओवी कोण म्हणणार?"

म्हणजे ती ताटली आमच्या घरी आली ती माझ्यामुळे. रेडिओवर माझा आवाज कधी येणार म्हणून विचारणाऱ्या गावाला द्यायला मला उत्तर मिळालं. आवाज भरून झाला होता, पण बिघडलेला माल म्हणून परत केला होता.

त्याच दुपारी इंजिनियरनं सगळं टेपवर उतरवून घेतलं. मऊ रोगण फार वेळा वाजवलं की झिजतं, म्हणून मूळ तबकडी लायब्ररीत थंड जागी उभी ठेवायची असं ठरलं. आत्या त्याला कबूल झाली, पण अटीवर. तिला केव्हाही येऊन बघता आली पाहिजे. अक्का म्हणाल्या, "रोज या." मग त्या माझ्याकडे वळल्या. पाकिटावर काय लिहायचं? कानडीत त्यांनी लिहिलं, उर्दूत इंजिनियरनं. मराठीत मी लिहिलं, 'कापीव तबकडी, रोगण, ॲल्युमिनियमवर. आतून बाहेर.' अक्कांनी कापीव म्हणजे काय ते विचारलं. मी छापील आणि कापीव समजावून सांगितलं. शब्द कुणाचा, म्हणून त्यांनी विचारलं. मी आईकडे बोट दाखवलं. आईला वाटलं मी पुन्हा शेळीबद्दल सांगते आहे, आणि ती मला गप्प बस म्हणाली.

टेप घेऊन मी पुढच्या महिन्यात गावी गेले. शाळेतून टेपरेकॉर्डर आणला आणि आत्याच्या अंगणात लावला. नवी सून, व्याही, शेजारी, सगळे जमले. चुलतीचं हसू आलं तसे चुलते टोपी हातात घेऊन उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं आत आले आणि म्हणाले, "ते हसलेलं पुन्हा लाव." मी ते त्यांना पुष्कळदा लावून दाखवलं. टेपला काही होत नाही, किती वेळा वाजवा.

पुढे पाच-सहा वर्षांनी काचेच्या खोलीत नवी, सडपातळ, छोट्या थाळीची यंत्रं आली. जुनी दोन भिंतीला लागली. एक पुढे बंद पडलं, दुसरं मी चालू ठेवायला लावलं. एव्हाना अक्का निवृत्त झाल्या होत्या आणि लायब्ररीत त्यांच्या खुर्चीवर मी बसत होते. कॉलेजची मुलं सहलीला येत. त्यांना मी त्या जुन्या यंत्रापुढे उभं करी आणि विचारी, "हे काय आहे?" कुणीतरी हमखास म्हणे, "ग्रामोफोन." मग मी त्या मुलाचं बोट नमद्यावर ठेवी, खालून थाळी सुरू करी, आणि गुदगुल्यांनी तो दचकून हसला की सांगायला सुरुवात करी.

आईची आणि आत्याची नवी रेकॉर्डिंगं पुढे दोनदा झाली, टेपवर, गार स्टुडिओत. दुसऱ्या वेळी त्या येताना गावातल्या आणखी सहा बायका घेऊन आल्या. पुढची ओवी कुणी म्हणायची यावर मोटारीत हुमनाबादपासूनच सहाही जणींचं सुरू झालं होतं, असं आत्या मला सांगत होती. स्टुडिओच्या दाराशी पोचल्या तरी मिटलं नव्हतं. इंजिनियरनं आत डोकावून पाहिलं, दार ओढून घेतलं, आणि मला म्हणाला, "पहले इन लोगां का फैसला होने दो जी, फिर मशीन चालू करतूं."